माहीत सगळ्यांना, तक्रार कुणाचीच नाही

बल्लाळाला कुणी सोडवलं?

पालीला येणारा भाविक आधी धुंडीविनायकाला हात जोडतो आणि मग बल्लाळेश्वराच्या गाभाऱ्यात जातो. या क्रमामागची कथा इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. कल्याणशेट हा पल्लीपूरचा, म्हणजे पालीचा, बडा व्यापारी. त्याचा मुलगा बल्लाळ गावातल्या सवंगड्यांना घेऊन रानात जायचा आणि एका पाषाणाला गणपती मानून पूजेत रमायचा. पोरं उशिरा घरी येऊ लागली, तेव्हा त्यांचे आईबाप गाऱ्हाणं घेऊन शेटकडेच गेले. शेट संतापून रानात गेला, त्याने पूजा उधळली, मूर्ती भिरकावून दिली, पोराला रक्त निघेपर्यंत मारलं आणि झाडाला बांधून तो घरी परतला. भिरकावलेली ती मूर्ती म्हणजे धुंडीविनायक.

कथेचा भर बल्लाळाच्या भक्तीवर आहे आणि तो तिथेच असायला हवा. तरी पालीत राहणाऱ्याचं लक्ष कधीतरी गावाकडे जातंच. सवंगडी घरी पळाले असतील, जे पाहिलं ते त्यांनी सांगितलंही असेल. पण दोर सोडायला कुणी गेलं नाही. शेवटी गणपतीलाच ब्राह्मणाच्या वेषात यावं लागलं. मार खाणारं पोर शेटचं, मारणारा शेट, आणि गावातली निम्मी घरं बहुधा त्याच्याच पेढीवर चालत असणार.

पुराणातलं पुराणात राहू द्या. एखादा नावाजलेला माणूस, मग तो कलावंत असो, बुवा असो, संस्थाचालक असो, बायकांना किंवा मुलांना छळतो. त्याबद्दल वर्षानुवर्षं सगळीकडे बोललं जातं आणि तरीही त्याच्या अंगाला ओरखडा उठत नाही. हे घडतं कसं, याच्या बऱ्याच चांगल्या नोंदी उपलब्ध आहेत.

कुजबुज नेमकं काय करते

आपला समज असा, की कुजबुज वाढत गेली की तिचा बोभाटा होतो आणि बोभाटा झाला की कारवाई. जुनी प्रकरणं वाचली तर चित्र वेगळं दिसतं. कुजबुज वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं चालते आणि तेवढा काळ त्या माणसाचं सगळं सुरळीत चालू राहतं.

कारण कुजबुजीचं काम निराळं आहे. ‘त्यांच्याकडे पोरीला एकटीला पाठवू नका’, ‘तालमीनंतर थांबायचं नाही’, ‘ते जरा तसेच आहेत, सांभाळून’ ही वाक्यं ज्याच्या कानावर पडतात तो आपल्या घरापुरता सावध होतो. आतल्या गोटातली माणसं अशी वाचतात. वाचली की त्यांची गरज भागते आणि तक्रारीची निकड उरत नाही. जिच्या कानावर हे कुणी घातलेलं नसतं ती आत जाते: बाहेरगावहून आलेली, पहिल्यांदाच काम मिळालेली, जिच्या घरचं कुणी त्या वर्तुळात नाही अशी. म्हणजे कुजबुजीने धोका संपत नाही, तो अनोळखी माणसाकडे सरकवला जातो.

शिवाय कुजबुजीला मालक नसतो. ‘असं ऐकलंय बुवा’ म्हणणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही आणि ज्याच्याविषयी बोललं जातं त्यालाही उत्तर द्यावं लागत नाही. उलट, फार काळ चाललेली कुजबुज त्याच्या स्वभावाचाच भाग मानली जाते. कलावंत असेल तर ‘रंगेल’, बुवा असेल तर ‘लीला’. एकदा हे विशेषण चिकटलं की नव्याने तक्रार करणारीलाच ‘तुला माहीत नव्हतं का?’ असं विचारलं जातं.

मुंबई, १८६२

या विषयावरचा मुंबईतला एक जुना आणि सविस्तर नोंदलेला खटला महाराज बदनामी खटला म्हणून ओळखला जातो. पुष्टिमार्गी वैष्णवांचे गुरू ‘महाराज’ म्हणवले जात. भाटिया, वाणी, लोहाणा या व्यापारी जातींतले धनाढ्य शेटजी त्यांचे अनुयायी होते. कापसाच्या व्यापारातून आलेला पैसा हवेल्यांत, म्हणजे त्यांच्या मंदिरांत, वाहत होता. भक्ताने तन, मन आणि धन गुरूला अर्पण करावं, या वचनाचा काही महाराज सोयीस्कर अर्थ लावतात आणि भक्तांच्या बायका-मुलींना भोगतात, हे त्या समाजात उघड गुपित होतं. त्या काळचे ते सर्वांत मोठे प्रसिद्ध पुरुष होते म्हटलं तरी चालेल. त्यांच्या दर्शनाला झुंबड उडे आणि त्यांच्या पायाचं पाणी तीर्थ म्हणून घेतलं जाई.

करसनदास मुळजी हे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले गुजराती पत्रकार. विधवाविवाहावर निबंध लिहितात म्हणून ज्या आप्तांनी वाढवलं त्यांच्याच घरातून ते बाहेर काढले गेले होते. १८५५ मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ हे साप्ताहिक काढलं आणि सप्टेंबर १८६० मध्ये त्यात लेख लिहून महाराजांच्या वर्तनावर बोट ठेवलं. लेखात जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराजांचं नाव होतं. सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या गोष्टीला आता नाव, तारीख आणि छापणारा मिळाला.

त्याआधीच महाराजांच्या बाजूने एक बंदोबस्त झाला होता. अनुयायांकडून लेखी घेण्यात आलं, की महाराजांना कोर्टात हजर राहावं लागू नये यासाठी झटू आणि त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्याला जातीबाहेर टाकू. सुधारकांनी या कागदाला ‘गुलामीखत’ म्हटलं. गप्प राहणं ही तिथे नुसती सवय उरली नव्हती, त्यावर सह्या घेतल्या जात होत्या.

जदुनाथजींनी १८६१ मध्ये करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा बदनामीचा दावा लावला. दावा उभा राहताच भाटिया जातीची सभा भरली आणि महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्याला वाळीत टाकायचं ठरलं. करसनदासांनी या ठरावावरच फिर्याद केली. नऊ जण कटाबद्दल दोषी ठरले, त्यांना दंड झाला आणि साक्षीदारांची वाट मोकळी झाली. माझ्या मते मुख्य निकालापेक्षाही हा छोटा निकाल महत्त्वाचा आहे. साक्षीदाराचं तोंड बांधणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून हाताळला नसता, तर मुख्य खटला उभाच राहिला नसता.

जानेवारी १८६२ मध्ये सुनावणी सुरू झाली. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ अर्नोल्ड होते. मथुरादास लवजी आणि लखमीदास खिमजी हे भाटिया शेटजी संप्रदायातलेच असूनही करसनदासांच्या बाजूने बोलले. पाद्री जॉन विल्सन धर्मग्रंथांबद्दल बोलले. आणि साक्षीच्या पिंजऱ्यात डॉ. भाऊ दाजी लाड उभे राहिले. गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी तेव्हा मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि विद्वान होते. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे. महाराजांवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. डॉ. धीरजराम दलपतराम यांचीही साक्ष तशीच होती.

भाऊ दाजींची ही साक्ष जरा थांबून पाहावी अशी आहे. महाराजांच्या दुराचाराबद्दल ‘ऐकून’ माहिती असलेले हजारो लोक मुंबईत होते. भाऊ दाजींना जे माहीत होतं ते ऐकीव नव्हतं, रोग्यावर त्यांनी स्वतः उपचार केले होते. ते त्या जातीतले नव्हते, म्हणून त्यांना वाळीत टाकता येत नव्हतं. त्यांची प्रॅक्टिस एका संप्रदायावर अवलंबून नव्हती. ज्याला माहीत आहे आणि ज्याचं फारसं बिघडवता येत नाही, असा माणूस बोलला. असे लोक प्रत्येक प्रकरणात दोन-चार तरी असतात. बहुतेक जण बोलत नाहीत, एवढंच.

एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. तांत्रिक मुद्द्यावर जदुनाथजींना पाच रुपयांची नाममात्र भरपाई मिळाली आणि करसनदासांना सुमारे साडेअकरा हजार रुपये खर्च मिळाला, जो त्यांच्या खऱ्या खर्चापेक्षा कमीच होता. नीतीच्या दृष्टीने जे चूक आहे ते धर्माच्या नावाने बरोबर ठरत नाही, ही प्रतिवादीची भूमिका अर्नोल्ड यांनी निकालपत्रात ठळकपणे मांडली. मात्र पिंजऱ्यात मुख्यतः व्यापारी, डॉक्टर, सुधारक असे पुरुषच बोलले. ज्या बायकांवरून हे सगळं चाललं होतं त्यांच्या बाजूने काय घडलं, हे नोंदींतून फारसं कळत नाही.

मुरूडचं शेल्टर

पालीहून रोह्याकडे निघून समुद्राच्या बाजूला उतरलं की मुरूड लागतं. मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज शेल्टर्स’ नावाची निवारागृहं होती: कुलाबा, कफ परेड आणि एक इथे मुरूडला. चालवणारे डंकन ग्रँट आणि त्यांचा मित्र ॲलन वॉटर्स हे ब्रिटिश. हे दोघे सिनेनट नव्हते, पण ‘परोपकारी गोरा साहेब’ ही आपल्याकडे एक वेगळीच प्रतिष्ठा असते. फुटपाथवरच्या पोराला जेवण, कपडे, खेळणी मिळतात म्हटल्यावर शंका घ्यायची कुणी?

२००१ मध्ये काही मुलांचं सांगणं पत्रकार मेहेर पेस्तनजी यांच्यापर्यंत आणि त्यांच्याकडून वकील महारुख अदेनवाला यांच्यापर्यंत पोचलं. मुलांचं म्हणणं लिहून घेतलं गेलं आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइन या हेल्पलाइनने पाठपुरावा केला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गुन्हा नोंदला गेला, पण तोवर दोघेही देशाबाहेर होते. मार्च २००६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना आणि व्यवस्थापकाला दोषी ठरवलं. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांना निर्दोष सोडलं. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरवून ग्रँट आणि वॉटर्स यांची सहा वर्षांची शिक्षा कायम केली.

गुन्हा नोंदल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत जवळपास दहा वर्षं गेली. पहिल्यांदा बोललेली मुलं तोवर मोठी होऊन गेली होती. इतका वेळ लागणार, हे ठाऊक असलेला माणूस तक्रारीला निघताना चप्पल घालेपर्यंत दहा वेळा विचार करतो. त्याला भित्रा म्हणून मोकळं होता येत नाही.

एकेकटे तक्रारदार

ब्रिटनमधल्या जिमी सॅव्हिलचं प्रकरण जगभर गाजलं ते त्याच्या मृत्यूनंतर. बीबीसीवरचा लाडका निवेदक, मुलांच्या इच्छा पुऱ्या करणारा कार्यक्रम चालवणारा, रुग्णालयांसाठी प्रचंड निधी जमवणारा. १९९० मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्याला वावरायला खोली होती. तो ऑक्टोबर २०११ मध्ये वारला. त्या डिसेंबरात बीबीसीच्याच वार्ताविभागाने त्याच्यावरचा तपास बाजूला ठेवला आणि नाताळात त्याच्या आठवणींचे कार्यक्रम दाखवले. पुढच्या ऑक्टोबरात दुसऱ्या वाहिनीने माहितीपट दाखवला आणि बांध फुटला. जानेवारी २०१३ च्या पोलिसी अहवालात २१४ गुन्ह्यांची नोंद होती. सर्वांत जुना १९५५ चा आणि शेवटचा २००९ चा.

त्याच्या हयातीत तक्रारी झाल्या नव्हत्या असं नाही. २००७ ते २००९ या काळात चार जणींच्या तक्रारी पोलिसांकडे होत्या, तीन सरे परगण्यात आणि एक ससेक्समध्ये. कुणालाही बाकीच्यांबद्दल सांगितलं गेलं नाही. प्रत्येकीला वाटलं, आपण एकट्याच, आणि समोर एवढा मोठा माणूस. कुणीही कोर्टात उभं राहायला तयार झालं नाही आणि प्रकरण मिटलं. इतरांबद्दल कळलं असतं तर त्या कदाचित उभ्या राहिल्या असत्या, असा निष्कर्ष पुढे सरकारी वकील खात्याच्याच चौकशीत निघाला. आणि २००९ मध्ये पोलिसांनी सॅव्हिलचा जबाब घेतला तो कुठे? स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात, त्याच्याच कार्यालयात. यजमान तो आणि पाहुणे पोलीस.

केरळच्या न्या. हेमा समितीचा अहवालही याच अंगाने वाचावा. मल्याळी चित्रपटसृष्टीतल्या बायकांनी समितीपुढे येऊन आपल्या छळाबद्दल सांगितलं. अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला सादर झाला आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत कपाटात राहिला. एकेकटीने सांगितलेलं एका जागी आणायचं अवघड काम झालं होतं, आणि तेच बांधून ठेवलं गेलं.

अब्रूचा दावा

मोठ्या माणसाच्या हातात बदनामीचा दावा हे जुनं हत्यार आहे. त्याच्या नुसत्या नोटिशीने बहुतेक तोंडं बंद होतात. पण १८६२ मध्ये जदुनाथजींनी दावा लावला नसता, तर भाऊ दाजींना शपथेवर बोलायचं कारणच पडलं नसतं. अब्रू मागायला कोर्टात गेलं की अब्रूची तपासणी होते.

२०१८ मध्ये हेच पुन्हा घडलं. पत्रकार प्रिया रमाणी यांनी संपादक आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर १९९३ च्या मुंबईतल्या एका प्रसंगाबद्दल आरोप केला. अकबर यांनी आरोप नाकारले, फौजदारी बदनामीचा खटला भरला आणि मंत्रिपद सोडलं. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडलं. अनेक दशकांनंतरही बाईला आपली तक्रार मांडता येते आणि दुसऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी तिच्या सन्मानाचा बळी देता येत नाही, असं निकालात म्हटलं. १९९३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचे विशाखा निर्देशही नव्हते, ते १९९७ चे, याचीही दखल न्यायालयाने घेतली. अकबर यांनी त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केलं. खटला बदनामीचा होता, मूळ आरोपाबद्दल कुणाला दोषी ठरवण्याचा नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

कारण अफवा खोटीही असते. गावच्या राजकारणात, भाऊबंदकीत, संस्थेच्या निवडणुकीत चारित्र्यावर चिखल उडवणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. पण खोट्या अफवेला औषध तेच जे खऱ्या छळाला: नावानिशी, लेखी, जिथे दोन्ही बाजू ऐकल्या जातील अशा ठिकाणी. कुजबुजीत निर्दोष माणसाला निर्दोष ठरायचीही सोय नसते.

पालीत तक्रार कुठे द्यायची

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा मुंबईच्या कंपन्यांसाठी आहे, असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत हे कलम फार कामाचं आहे, कारण तिथे बहुधा तोच मालक असतो. घरकामाच्या बायकाही यात येतात. समिती जिल्ह्याची असली तरी कायद्याने प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. म्हणजे सुधागड तालुक्यातल्या बाईला त्यासाठी अलिबाग गाठायची गरज पडू नये. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. ही मुदत फारच तोकडी आहे असं मला वाटतं, पण ती समितीपुरती आहे. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याच्या पोलीस तक्रारीला अशी मुदत नाही, आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

मूल असेल तर ‘आपल्याला काय करायचंय’ हे म्हणायची सोयच कायद्याने ठेवलेली नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला असा गुन्हा माहीत आहे, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. हे कलम नुसतं पुस्तकात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असून कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि माहिती दडवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, तातडीला ११२ हे क्रमांक चालू आहेत. आणि कुणी आपल्यापाशी येऊन बोललं, तर उलटतपासणी घेऊ नये, ‘आधी का नाही बोललीस’ तर मुळीच विचारू नये. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत, त्याच दिवशी, तारीख घालून लिहून ठेवावं. असंच बोललेलं दुसरं कुणी माहीत असेल तर तेही तपास करणाऱ्याला सांगावं, म्हणजे चौघींना आपण एकट्याच आहोत असं वाटत बसणार नाही. तिचं नाव मात्र नाक्यावर, व्हॉट्सॲपवर, कुठेही जाता कामा नये. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. अर्ज दिला की त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. ‘साहेब आले की देतो’ म्हणाले, तर साहेब येईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहावं.